तारीख ठरवून घ्यायचं औषध

ओटीपोटाच्या दुखण्यावर बोईसरमध्ये औषध मिळत नाही, अशी तक्रार कुणी करणार नाही. मेडिकलची दुकानं स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत आहेत, आणि तारापूरच्या वसाहतीत तर औषधांचा कच्चा माल तयार करणारे कारखानेच उभे आहेत. अडचण वेगळी आहे. वर्षानुवर्षं ओटीपोट दुखत असलेल्या बाईकडे गोळ्यांच्या अर्ध्या संपलेल्या पट्ट्या भरपूर असतात. पण त्यातली कोणती गोळी कशासाठी दिली होती, त्या गोळीने नेमकं काय थांबायला हवं होतं आणि किती दिवसांत, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मग एक गोळी ‘लागू पडली नाही’ म्हणून दुसरी सुरू होते, दुसरीनंतर सलाईन, सलाईननंतर सोनोग्राफी आणि शेवटी ‘पिशवी काढून टाकू’. माझं म्हणणं असं की या दुखण्यावर एकच जोरदार गोळी किंवा एकच निर्णायक ऑपरेशन सापडेल, ही आशाच बहुतेकींचं नुकसान करते. औषध एका ठरावीक तक्रारीसाठी आणि ठरावीक मुदतीपुरतं द्यावं, मुदत संपली की त्याचा हिशेब मागावा. स्नायू, झोप, लघवी-शौचाच्या सवयी यांच्याकडे औषधांच्या जोडीनेच पाहावं, सगळं थकल्यावर नव्हे.

नाभीखाली, जांघांच्या मध्ये किंवा माकडहाडाकडे सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यक जुनाट ओटीपोटदुखी म्हणतं. काही तज्ज्ञ संस्था तीन महिनेही पुरेसे मानतात. पाळीतच दुखणं, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणं, लघवी तुंबली की कळ येणं, शौचाला बसताना ठणकणं असे त्याचे अनेक प्रकार आहेत, आणि एकाच बाईत तीन-चार एकत्र असणं हे अपवादाचं नाही. ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायका हे किती अंगावर काढतात, याचा पायाभूत पुरावा डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतून दिला. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून त्यांनी 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा एक तरी विकार होता, आणि अशी तपासणी त्याआधी कधी झालेल्या स्त्रिया फक्त 8 टक्के होत्या. हा अभ्यास नेहमी दुर्लक्षाचा दाखला म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्यातला आणखी एक आकडा आपल्या विषयासाठी जास्त मोलाचा आहे. विकार 92 टक्क्यांत सापडले, तक्रार मात्र 55 टक्क्यांचीच होती. म्हणजे तपासणीत काहीतरी सापडलं, तर तेच दुखण्याचं कारण असेल असं नाही. सोनोग्राफीच्या कागदावर ‘पिशवी थोडी मोठी’, ‘लहान गाठ’, ‘अंडाशयात पाण्याची गाठ’ असं लिहून आलं की घरात सुटकेची भावना येते, अखेर कारण मिळालं म्हणून. ते कारण आहे की केवळ शेजारी राहणारी गोष्ट आहे, हा प्रश्न तिथेच गिळला जातो.

सरकारी यंत्रणेत या दुखण्याला एक स्पष्ट उत्तर ठरलेलं आहे, ते पिवळ्या रंगाचं आहे. लैंगिक व प्रजननमार्गाच्या संसर्गांसाठी ‘नॅको’ या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने रंगांनुसार औषधांचे संच केले, त्यातला सहाव्या क्रमांकाचा पिवळा संच ओटीपोटदुखीसाठी असतो: सेफिक्झिमचा एक डोस, आणि चौदा दिवस डॉक्सीसायक्लिन व मेट्रोनिडॅझोल. प्रयोगशाळा हाताशी नसताना गर्भनलिकांचा संसर्ग वाढू नये म्हणून ही योजना शहाणपणाची आहे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव आणि तपासताना गर्भाशयाच्या तोंडाशी झोंबणारी वेदना असेल, तर हा संच वेळेवर आणि पूर्ण घ्यायलाच हवा, नवऱ्याचेही उपचार व्हायला हवेत. पण या संचाची मुदत चौदा दिवस आहे, हे विसरलं जातं. चौदा दिवसांनी दुखणं तसंच राहिलं, संसर्गाचं कोणतंही लक्षण नसलं, तर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तीच प्रतिजैविकं देण्यात अर्थ नाही. पोटातले उपयोगी जंतू मरतात, तोंडाला धातूची चव येते, बाई जेवत नाही, आणि दुखणं ‘हट्टी जंतूं’च्या नावावर चालू राहतं.

जंतू गेल्यावरही दुखतं, गाठ काढल्यावरही दुखतं, हे कसं? गर्भाशय, मूत्राशय, मलाशय आणि पोटाची भिंत यांच्याकडून येणारे बरेच मज्जातंतू पाठीच्या कण्यात एकमेकांजवळच पोचतात. एका अवयवातून महिनोन्‌महिने वेदनेचे संदेश येत राहिले की कण्यातल्या पेशी जास्त संवेदनशील होतात, या संवेदनशीलतेचा पुरावा क्लिफर्ड वूल्फ यांच्या 1983 मधल्या प्रयोगांपासून मिळू लागला. त्यानंतर शेजारच्या अवयवाचा साधा संदेशही, मूत्राशय भरल्याचा किंवा वायू धरल्याचा, दुखण्यासारखा जाणवू लागतो. शरीर स्वतःला वाचवायला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरतं, आणि आवळलेला स्नायू स्वतःच दुखतो. मूळ कारण गेलं तरी हे चक्र मागे राहू शकतं. त्यामुळे सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे बाईला काही झालेलं नाही, हा निष्कर्ष शास्त्राच्या विरुद्ध आहे. स्नायूंचा ताण आणि मज्जातंतूंची हळवेपणाकडे झुकलेली अवस्था सोनोग्राफीत दिसतच नाही.

इथे एका शंभर वर्षं जुन्या युक्तीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तिला यंत्र लागत नाही आणि ती फारशी वापरली जात नाही. अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन कार्नेट यांनी 1926 मध्ये ती मांडली. रुग्णाला उताणं झोपवायचं, सगळ्यात दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवून दाबायचं आणि तिला हात न टेकता डोकं-खांदे उचलायला सांगायचे. पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणं आतल्या अवयवाचं असेल, तर ताठ स्नायूंची ढाल मध्ये आल्याने ते कमी होतं. दुखणं स्नायूचं किंवा पोटाच्या भिंतीतल्या अडकलेल्या मज्जातंतूचं असेल, तर ते वाढतं. सिझेरियनच्या किंवा नसबंदीच्या टाक्यांजवळ वर्षानुवर्षं एका बोटाएवढ्या जागी दुखणाऱ्या बायकांत ही तपासणी बऱ्याचदा उत्तर देऊन जाते, आणि मग त्या जागी बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन हा उपचारही होतो, निदानाची खात्रीही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर हे दोन मिनिटांत करू शकतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचंही असंच आहे. उत्तर अमेरिकेत 81 स्त्रियांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूत्राशयाच्या दुखण्यासोबत हे स्नायू दुखणाऱ्या स्त्रियांना दोन गटांत विभागलं होतं. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने नेमक्या आवळलेल्या स्नायूंवर काम केलेल्या गटात 59 टक्के स्त्रियांना लक्षणीय आराम पडला, सर्वांगाच्या मालिशच्या गटात 26 टक्के स्त्रियांना. एक सावधगिरी मात्र ठळकपणे सांगायला हवी. बाळंतपणानंतर शिकवतात तो खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम या दुखण्यात उलटा पडू शकतो. स्नायू आधीच आवळलेला असताना त्याला आणखी आवळायचं नसतं, सोडायला शिकवायचं असतं: गुडघे वाकवून पडून पोट फुगेल असा सावकाश श्वास, श्वास सोडताना खालचा भाग सैल, गरम पाण्याची पिशवी, आणि लघवी करताना जोर न लावणं. पालघर-बोईसरहून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये शौचालय नसतं. मासे विकायला पहाटे निघणाऱ्या किंवा कारखान्याच्या पाळीवर जाणाऱ्या कित्येक बायका घरून पाणीच न पिता निघतात आणि तासन्‌तास लघवी धरून ठेवतात. अशा सवयी स्नायूंना आवळून राहायला शिकवतात. त्यामुळे कारखान्यातलं वापरता येण्याजोगं, कडी लागणारं शौचालय मी औषधोपचाराच्याच यादीत धरतो.

आता गोळ्यांकडे. पाळीच्या कळांवर आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक आम्ल यांचा गुण पक्का सिद्ध आहे, पण कळ सुरू होताच किंवा त्याच्या आदल्या दिवसापासून, जेवून, दोन-तीन दिवस घेतल्यास. असह्य झाल्यावर रात्री एक गोळी घेतली तर तिचा अर्धा उपयोग वाया जातो. महिनाभर रोज घेण्यासाठी ही औषधं नाहीत. जठराला जखमा होतात. आणि कारखान्याच्या उष्ण विभागात घाम गाळत, कमी पाणी पिऊन काम करणारीच्या मूत्रपिंडावर त्यांचा भार पडतो. मेफेनॅमिक आम्लामुळे क्वचित होणाऱ्या गंभीर अॅलर्जीबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने 2023 च्या अखेरीस इशारा दिला होता: गोळी घेतल्यावर काही आठवड्यांत पुरळ, ताप, गाठी आल्या तर ती थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. दुखणं पाळीच्या चक्राबरोबर वरखाली होत असेल तर संप्रेरकांचा क्रम लागतो: खंड न पाडता घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, रोज 2 मिलिग्रॅम डायनोजेस्ट, किंवा संप्रेरकयुक्त तांबी. यांना तीन महिने द्यावे लागतात. सरकारी रुग्णालयांत 2017 पासून गर्भनिरोधक म्हणून मोफत मिळणारं ‘अंतरा’ इंजेक्शन ज्या औषधाचं आहे, ते औषधही एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या आजाराच्या) वेदना कमी करतं. पाळी अनियमित होणं, मग थांबणं आणि इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर होणं हे आधी सांगितलं तरच बाई ते पुढे घेते. दुखणं चक्राशी न जोडलेलं, सतत जळजळीचं, झोप मोडणारं असेल तर रात्री 10 मिलिग्रॅम अॅमिट्रिप्टिलीन हे जुनं, स्वस्त औषध बरेच डॉक्टर आजमावतात. पाकिटावरची माहिती वाचून ‘मला वेडाची गोळी दिली’ असा समज होतो. नैराश्यासाठी मात्रा कितीतरी मोठी लागते. इथे मज्जातंतूंचा हळवेपणा कमी करणं हा हेतू असतो. तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, सकाळी जड वाटतं, आणि गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

मुदत ठरवण्याचा आग्रह का, याचं उत्तर गॅबापेन्टिनच्या कहाणीत आहे. मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं हे औषध जुनाट ओटीपोटदुखीतही चालेल, असं तर्काने पटत होतं आणि जगभर ते लिहून दिलं जात होतं. ब्रिटनमध्ये लॅपरोस्कोपीत, म्हणजे पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, काहीही न सापडलेल्या 306 स्त्रियांवर चाचणी झाली, निष्कर्ष 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा त्याचा गुण जास्त नव्हता, चक्कर आणि गुंगी मात्र जास्त होती. तर्क कितीही सुंदर असला तरी औषधाने गुण दाखवायचा असतो. तो मोजायचा कसा? ‘दुखतं का’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. किती रात्री सलग झोप लागली, किती खाडे पडले, आवणीला वाकता आलं का, शरीरसंबंधाची धास्ती कमी झाली का, हे साध्या वहीत महिनाभर टिपून ठेवलं तर निर्णय सोपा होतो. दुखणं तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं आणि काम सुधारलं तर औषध चालू. नाही तर हळूहळू बंद करून दुसरं. ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामकं या दुखण्यात लांबवर नेऊ नयेत. बद्धकोष्ठ आणि सवय दोन्ही जडतात.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, मुलं झाली आहेत, पिशवी काढली की प्रश्न संपला. हा आक्षेप हास्यास्पद नाही. अमेरिकेतल्या 1990 च्या एका अभ्यासात गर्भाशयामुळेच दुखतं असं मानून पिशवी काढलेल्या 99 स्त्रियांपैकी सुमारे 78 टक्के स्त्रियांना चांगला आराम पडला होता. पण उरलेल्या 22 टक्क्यांचं दुखणं पिशवी गेल्यावरही राहिलंच, आणि त्या निवडून, तपासून ऑपरेशन केलेल्या होत्या. निवड आणि तपासणी नसेल तर काय होतं हे बीडने दाखवलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर 2019 मध्ये आलेल्या पाहणीत ऊसतोडीच्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीचा खाडा म्हणजे मजुरीत कपात, आणि पोटदुखीवर दवाखान्यात सुचवलेला उपाय ऑपरेशनचा, अशा दोन्ही बाजूंनी त्या कोंडल्या होत्या. वीटभट्टीवर दिवाळीनंतर निघणारं जव्हार-मोखाड्याचं कुटुंब आणि तारापूरची रोजंदारीवरची कामगार यांचंही अर्थकारण फारसं निराळं नाही. विशी-तिशीत अंडाशयांसकट पिशवी गेली तर हाडं, हृदय आणि शरीरसंबंध यांचे नवे प्रश्न उभे राहतात. मोठी गाठ, न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग ही पिशवी काढण्याची खरी कारणं आहेत. नुसतं दुखणं हे कारण शेवटचं असावं, पहिलं नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा: स्नायू नि श्वासाच्या गोष्टी करता करता खरा आजार निसटला तर? हा धोका आहे, म्हणून पहिली पायरी तपासणीचीच. रजोनिवृत्तीनंतर किंवा संबंधानंतर रक्त, शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, पोटात गाठ लागणं, पाळी चुकून अचानक एका बाजूला तीव्र कळ येणं, यांपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. आपल्याकडे प्रजननमार्गाचा क्षयरोग विसरून चालत नाही. दुखणं, मूल न होणं, पाळी कमी होणं एकत्र असलं तर त्याची शंका घ्यावी, औषधं सरकारकडून मोफत असतात. एंडोमेट्रिओसिस जननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचे बारीक डाग सोनोग्राफीत चुकतात. या आजारावर देशपातळीवरचं संशोधन परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने हाती घेतलं आहे, आणि त्याच संस्थेशी जोडलेलं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र पालघर जिल्ह्यातच, डहाणूला आहे. तरीही दुर्बिणीने सगळं कळेल असं नाही: दुखण्यासाठी केलेल्या लॅपरोस्कोपींपैकी साधारण एकतृतीयांशांत काही सापडत नाही. नेदरलँड्समध्ये 1991 मध्ये प्रसिद्ध झालेली 106 स्त्रियांची चाचणी इथे निर्णायक वाटते. एका गटात आधी लॅपरोस्कोपी, काही न सापडल्यास इतर गोष्टींचा विचार; दुसऱ्या गटात पहिल्या दिवसापासून शरीर, आहार, स्नायू, ताण यांचा एकत्र विचार. दुखणं जास्त वेळा कमी झालं ते दुसऱ्या गटात. ‘म्हणजे सगळं मनाचं’ असा याचा अर्थ लावणाऱ्यांनी चाचणी पुन्हा वाचावी. भीती आणि झोपमोड यांनी कण्यातल्या पेशींची संवेदनशीलता वाढते, ही शरीराचीच क्रिया आहे. आणि घरातली मारहाण किंवा जबरदस्ती हे दुखण्याचं कारण असू शकतं, म्हणून तो प्रश्न नवऱ्याला बाहेर बसवून विचारावा लागतो.

तारापूरमध्ये आणखी एक संशय हवेत असतो, केमिकलचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या औद्योगिक वसाहतींत सर्वांत प्रदूषित ठरलं, तेव्हा संशय निराधार म्हणता येत नाही. पण इटलीत सेवेसो इथे 1976 मध्ये डायॉक्सिनची प्रचंड गळती झाली, तिथल्या स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासातही एंडोमेट्रिओसिस वाढल्याचा इशारा दिसला, तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का झाला नाही. प्रदूषणाविरुद्ध लढायला स्वतंत्र आणि भक्कम कारणं आहेत; एखादीच्या दुखण्याचा उपचार त्या निकालापर्यंत थांबवू नये.

हे दुखणं पुरुषांनाही होतं आणि ते जास्तच लपवतात. अंडकोषांच्या मागे, लिंगाच्या मुळाशी, बसल्यावर वाढणारं दुखणं ‘प्रोस्टेटला सूज’ म्हणून महिनोन्‌महिने प्रतिजैविकांवर ठेवलं जातं. अशा दहांतल्या नऊ पुरुषांत जंतू सापडत नाहीत. 196 पुरुषांवर सहा आठवडे झालेल्या 2004 च्या चाचणीत सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टॅम्सुलोसिन दोन्ही साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. त्यांनाही वर सांगितलेलाच मार्ग, स्नायू सैल करण्यासह.

शेवटचा आक्षेप पैशांचा, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांचे पैसे देते. दरमहा डायनोजेस्ट आणि दहा वेळा फिजिओथेरपी यांचे नाही. त्यामुळे गरिबाला ऑपरेशन स्वस्त पडतं आणि गोळी महाग, असा उलटा हिशेब तयार होतो. तारापूरच्या कामगारांना यातून एक वाट आहे, ती फारशी वापरली जात नाही. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) संरक्षण आहे, त्यात बाह्यरुग्ण उपचार येतात, बायकोचेही; आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षात 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के आजारपणाचा भत्ता मिळतो. कंत्राटी कामगारही त्यात येतो. ठेकेदाराने पगारातून वर्गणी कापली असेल तर त्याच्याकडे विमा क्रमांक मागावा, आणि पहिल्या तपासणीलाच दाखल्यावर ‘पोटदुखी’ एवढंच न लिहिता दुखण्याचा प्रकार, सुरू केलेलं औषध आणि पुन्हा यायची तारीख लिहून घ्यावी.